ओळंबा

मी पीओपीचा माणूस.
तिसाव्या मजल्यावर लोकांच्या दिवाणखान्याला
आभाळ बसवून देतो: खोटं, गुळगुळीत,
कडेला पिवळे दिवे.
सूतभर वाकडं दिसलं की मालक पैसे कापतो.

दुर्वा पाण्याच्या पिंपावरून पडली.
निळं पिंप. झाकणावर चढून ती
खिडकीतून शेजारच्यांची मांजर बघत होती.
आवाज झाला तो पिंपाचा.
मग दिसलं, डावी मांडी
जिथे वाकू नये तिथे वाकलीये.
वय दोन वर्षं आठ महिने.

परळच्या इस्पितळात एकच प्रश्न
तीन माणसांनी तीनदा विचारला.
कशी पडली? घरी कोण होतं?
डोकं सणकलं माझं. बायकोनं बाही धरली.
मांडीचं हाड कधी कधी पडून मोडत नाही म्हणे,
कुणीतरी मोडतं.
म्हणून विचारावं लागतं.
चौथ्यांदा मी हळू आवाजात सांगितलं.
निळं पिंप. मांजर.

तिला भूल दिली. मला दारातून बघू दिलं.
नार्वेकरमामा बादलीत पट्ट्या बुडवत होते.
बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं,
मग दोन्ही टोकं धरून पिळायचं,
हे मला कुणी शिकवायला नको.
पोटावर त्यांनी टॉवेलची घडी ठेवली
आणि वरून गुंडाळत गेले
छातीपासून मोडक्या पायाच्या घोट्यापर्यंत,
धड पायाच्या गुडघ्यापर्यंत,
दोन पायांमध्ये आडवी काठी.
प्लास्टर आळताना तापतं.
हजारदा हातावर घेतलंय ते मी.
त्या दिवशी मात्र हात खिशातून निघेनात.

शेवटी मामांनी टॉवेल ओढून काढला.
आत पोकळी राहिली.
"जेवायला," ते म्हणाले,
"भात खाल्ला की पोट फुगतं लेकराचं."

एक्स-रे मी खिडकीच्या उजेडाला धरला.
हाडाची टोकं एकमेकांवर चढलेली, चांगली चार सूत.
म्हटलं, मॅडम, हे ओळंब्यात नाही.
त्या हसल्या नाहीत.
मुद्दाम ठेवलंय, म्हणाल्या.
या वयात मोडलेलं हाड चेव आल्यासारखं वाढतं.
टोकाला टोक लावलं तर हाच पाय लांब होईल.
बाकीचं ती करेल.

परळला रिक्षा नाही. टॅक्सीच्या दारातून
फाकलेले पाय आत जाईनात.
तिसऱ्या टॅक्सीवाल्यानं पुढची सीट पाडली.
भांडुपला चढावर एकशे बारा पायऱ्या,
आडवी धरून, फ्रेमच्या काचेसारखी.

मग सहा आठवडे.
खालच्या भोकात डायपर कोंबायचा, वर दुसरा.
दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा.
बोटं गार आहेत का, निळी आहेत का, चिमटा काढून बघायचं.
खातूनचाचीनं गोधडी मधोमध कापून दिली, टेकायला.
तिसऱ्या दिवशी दुर्वानं छातीवर टकटक केलं.
"बाबा, मी भिंत."
मी बाहेर जाऊन नळापाशी उभा राहिलो.
नळाला पाणी नव्हतं.

कापायची चकती फिरत नाही, नुसती थरथरते,
मामांनी ती आधी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवली.
तरी ती किंचाळली.
आतून वास, सोलपटं, काडीसारखा पाय,
आणि दोन मुरमुरे
तिने कधी, कोणत्या दुपारी, आत सोडलेले.

बारा दिवस ती ढुंगणावर सरकत होती.
तेराव्या दिवशी उभी राहिली
त्याच पिंपाला धरून.

आता पळते. डावं पाऊल किंचित उशिरा पडतं.
मी मोजत नाही, असं बायकोला सांगितलंय.
ती झोपली की टेप लावतो,
कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत.
गेल्या रविवारी फरक साडेतीन सूत.
किंवा माझा हात हलला असेल.